लाल केसांची थट्टा: एका जुन्या विनोदाचा अडीच हजार वर्षांचा माग

१/
२० नोव्हेंबर २००८. कॅनडातील काही शाळांत त्या दिवशी लाल केसांच्या मुलामुलींनी लाथा खाल्ल्या. एका किशोरवयीन मुलाने फेसबुकवर ‘लाल केसवाल्यांना लाथ मारण्याचा दिवस’ जाहीर केला होता आणि हजारो जण त्या गटात सामील झाले होते. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. सुरू झाले होते ते केवळ गंमत म्हणून.

लाथ मारणाऱ्या मुलांचे लाल केसांशी काही वैर होते का? नव्हते. मग ही गंमत त्यांच्या हाती आली कुठून? आजच्या धाग्यात तिचा माग काढू. वाट अथेन्सच्या गुलाम बाजारातून, मध्ययुगीन चर्चमधून आणि नागासाकीच्या बंदरातून जाते.

२/
आधी थोडे शास्त्र. केसांचा रंग मुख्यतः दोन रंगद्रव्यांच्या प्रमाणावर ठरतो. एक काळे-तपकिरी, दुसरे तांबूस-पिवळे. सोळाव्या गुणसूत्रावरील ‘एमसीवनआर’ या जनुकाची काही रूपे दुसऱ्या रंगद्रव्याचे पारडे जड करतात. हा संबंध १९९५ मध्ये उलगडला. जगात असे केस साधारण १ ते २ टक्के लोकांचे असतात. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास मानले जाते.

हा गुण बहुधा आई आणि वडील या दोघांकडून यावा लागतो. त्यामुळे ज्या घरात कोणाचेच केस लाल नाहीत, तिथेही लाल केसांचे मूल जन्मू शकते. निसर्गाच्या बाजूने एवढीच गोष्ट आहे. बाकी सारे माणसांनी रचलेले.

३/
इ.स.पू. सहाव्या शतकातील ग्रीक विचारवंत झेनोफानीझ याने एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. माणसे देवांना आपल्यासारखेच रंगवतात: इथिओपियातील लोकांचे देव काळे, तर थ्रेसच्या लोकांचे देव निळ्या डोळ्यांचे आणि लाल केसांचे. थ्रेस म्हणजे ग्रीसच्या ईशान्येचा प्रदेश, आजच्या बल्गेरियाच्या आसपासचा.

त्याचा रोख माणसाच्या आत्मकेंद्री वृत्तीवर होता, त्यात हेटाळणी नव्हती. पण एक गोष्ट या नोंदीतून स्पष्ट होते. लाल केस म्हणजे थ्रेसचा माणूस, हे समीकरण ग्रीकांच्या मनात तेव्हाच पक्के होते.

४/
हे समीकरण थट्टेत कसे उतरले? उत्तर गुलामगिरीत आहे. अथेन्समध्ये विकल्या जाणाऱ्या गुलामांत थ्रेसच्या लोकांचा भरणा मोठा होता. इ.स.पू. ४१४ च्या सुमारास तिथे जप्त मालमत्तेच्या लिलावाच्या याद्या दगडावर कोरल्या गेल्या. त्यांत ज्या गुलामांचे मूळ नोंदले आहे, त्यांत थ्रेसचे गुलाम सर्वाधिक आहेत.

मालकाने गुलामाला हाक मारायची ती त्याच्या रंगावरून. नाटकांतील गुलामांची नावे पाहा. आरिस्टोफेनीझच्या ‘बेडूक’ (इ.स.पू. ४०५) या नाटकात झँथियास, म्हणजे पिंगट. मेनँडरच्या ‘डिस्कोलोस’ (इ.स.पू. ३१६) मध्ये पिऱ्हियास, म्हणजे ज्वालेच्या रंगाचा, तांबडा.

५/
ग्रीक नट मुखवटे लावून वावरत. इ.स.च्या दुसऱ्या शतकातील पोलक्स याने या मुखवट्यांची यादीच दिली आहे. तीत विनोदी नाटकातील प्रमुख गुलामाच्या मुखवट्याला लाल केस आहेत. म्हणजे रंगमंचावर लाल केस दिसताच प्रेक्षकाने ओळखायचे: हा गुलाम आहे, हा लबाड आहे, आता हसायचे आहे.

रोममध्ये प्लॉटसने हीच परंपरा उचलली. त्याच्या ‘स्यूडोलस’ (इ.स.पू. १९१) मधील चतुर गुलामाचे वर्णन एक पात्र करते: लाल केस, सुटलेले पोट, जाड पोटऱ्या, मोठे डोके. भल्यामोठ्या पावलांचा उल्लेख येताच ऐकणाऱ्याला ओळख पटते. प्रेक्षक हसून लोटपोट होत असतील. मंचाखाली बसलेल्या खऱ्या गुलामांना काय वाटत असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

६/
आता गंमत पाहा. पिऱ्हियास या नावाची जी व्युत्पत्ती, तीच पिऱ्हस या नावाची. पिऱ्हस हे अकिलीसच्या पुत्राचे दुसरे नाव. एपिरसचा प्रख्यात राजा पिऱ्हस यानेही तेच नाव मिरवले. इ.स.पू. २७९ मध्ये रोमनांविरुद्ध त्याने इतके सैन्य गमावून विजय मिळवला, की अशा विजयाला आजही त्याच्याच नावाने ओळखतात.

रंग तोच, शब्दही तोच. राजाच्या अंगी तो तेज ठरला, गुलामाच्या अंगी विनोद. रंगाला स्वतःचा अर्थ नव्हता, हे इथेच दिसते. अर्थ येत होता तो माणसाच्या पायरीवरून.

७/
रोमनांची दृष्टी आणखी गुंतागुंतीची होती. इ.स. ९८ च्या सुमारास टॅसिटसने जर्मन टोळ्यांचे वर्णन करताना निळे डोळे, तांबूस केस आणि धिप्पाड शरीरे यांची नोंद केली. कॅलेडोनिया, म्हणजे आजच्या स्कॉटलंडच्या रहिवाशांचे केस लाल आहेत, म्हणून ते मूळचे जर्मन असावेत, असा तर्कही त्याने लढवला.

या लोकांची धास्ती होती, म्हणून त्यांना रानटी म्हणायचे. पण पराभूत जर्मनांच्या केसांचे टोप रोमन स्त्रिया हौसेने वापरत, हे ओव्हिडच्या काव्यातून कळते. केस हवेत, माणूस नको.

८/
मध्ययुगात या रंगाला अधिक विखारी अर्थ चिकटला. येशूला तीस नाण्यांसाठी पकडून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत, म्हणजेच जुडास. त्याच्या केसांचा रंग कोणता? शुभवर्तमानांत याविषयी एक अक्षरही नाही. तरी उत्तर-मध्ययुगीन युरोपातील चित्रांत, विशेषतः जर्मन प्रदेशांत, जुडासचे केस आणि दाढी लाल दिसू लागतात.

जर्मन भाषकांनी तर ‘इस्कारिओट’ या नावाची फोड ‘इस्ट गार रोट’, म्हणजे ‘पुरता तांबडा आहे’, अशी करून टाकली. कोटी म्हणून ती चतुर आहे. पण या कोटीने दगलबाजीचा आरोप थेट केसांवर नेऊन बसवला.

९/
जुडास हा येशूच्या इतर शिष्यांप्रमाणेच ज्यू होता. मध्ययुगीन ख्रिस्ती मनाने मात्र इतरांना आपले मानले आणि ज्यू म्हणून बोट दाखवले ते केवळ जुडासकडे. मग त्याचा लाल रंग सगळ्या ज्यूंना फासला गेला. जगबुडीच्या वेळी ख्रिस्ती जगावर चालून येणाऱ्या ‘लाल ज्यूंची’ दंतकथाही जर्मन प्रदेशांत पसरली होती.

निरक्षर भाविकासाठी चर्चमधील चित्र हेच पुस्तक होते. खिडकीच्या रंगीत काचेवर लाल दाढीचा गद्दार वर्षानुवर्षे पाहिल्यावर गावातल्या लाल केसांच्या माणसाकडे तो कोणत्या नजरेने पाहणार?

१०/
शेक्सपिअरने ‘व्हेनिसचा व्यापारी’ लिहिले ते १५९६-९७ च्या सुमारास. ज्यूंना इंग्लंडमधून १२९० मध्येच हाकलले होते आणि १६५६ पर्यंत त्यांना उघडपणे परतता आले नाही. म्हणजे शायलॉकला हसणाऱ्या बहुतेक प्रेक्षकांनी आयुष्यात एकही ज्यू पाहिलेला नसणार. थट्टेला ओळखीची गरज नसते, हे यावरून लक्षात यावे.

रंगभूमीवर शायलॉकला लाल दाढी किंवा लाल टोप चढवण्याची परंपरा होती. जुडासचीच ती सावली. २६ जानेवारी १८१४ रोजी लंडनच्या ड्रूरी लेन नाट्यगृहात एडमंड कीन हा नट काळी दाढी लावून शायलॉक म्हणून उभा राहिला. त्याने तो विदूषकासारखा न रंगवता दुखावलेला माणूस म्हणून रंगवला. रंग बदलताच प्रेक्षकांना हसण्याऐवजी ऐकावे लागले.

११/
तरी लाल रंग लगेच धुतला गेला नाही. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ (१८३७-३९) मध्ये मुलांना चोऱ्या शिकवणारा फेगिन येतो तो लाल, गुंतलेल्या केसांसह, आणि लेखक त्याला पदोपदी ‘ज्यू’ म्हणतो.

१८६३ मध्ये एलायझा डेव्हिस या ज्यू स्त्रीने डिकन्सला पत्र लिहिले. तिच्या पतीने डिकन्सचे लंडनमधील घर विकत घेतले होते. फेगिनमुळे आपल्या समाजावर अन्याय झाला, असे तिचे म्हणणे. डिकन्सने आधी स्वतःचे समर्थन केले. पण पुढील कादंबरीत त्याने राया हा सज्जन ज्यू रंगवला आणि १८६७ च्या आवृत्तीत फेगिनचा ‘ज्यू’ असा उल्लेख अनेक ठिकाणी काढून टाकला. केसांचा रंग मात्र तसाच राहिला. शब्दाचा डंख ओळखू येतो, रंगाचा सहज निसटून जातो.

१२/
इथे थांबून एक लोकप्रिय समज तपासू. ‘मध्ययुगात लाल केसांच्या स्त्रियांना चेटकिणी म्हणून जाळत आणि तशी खूण चेटूकविरोधी ग्रंथात दिलेली आहे’, असे समाजमाध्यमांवर नेहमी वाचायला मिळते. १४८६-८७ मध्ये छापला गेलेला ‘मॅलियस मॅलेफिकारम’ हा तो ग्रंथ. त्यात स्त्रियांविषयी भयंकर मजकूर भरपूर आहे, पण लाल केस ही चेटकिणीची खूण असे त्यात सांगितलेले नाही.

अत्याचाराचा इतिहास सांगतानाही पुरावा लागतोच. नाहीतर एका दंतकथेला उत्तर म्हणून आपण दुसरी दंतकथा पुढे करतो.

१३/
लाल केसांचा माणूस तापट, हा समज तर सर्वांत चिवट. याचे मूळ जुन्या वैद्यकात सापडते. युरोपात चार द्रवांचा सिद्धान्त होता. त्यातील पित्त उष्ण आणि कोरडे, पित्त वाढलेला माणूस रागीट. आगीचा रंग, आगीचा स्वभाव, अशी ती जुळणी.

आणि हे आपल्याला नवे वाटू नये. चरकसंहितेत पित्तप्रकृतीच्या माणसाची लक्षणे सांगताना अंगावरचे तीळ आणि वांग यांच्यासोबत मऊ, विरळ, कपिल, म्हणजे तांबूस-पिंगट केसांचाही उल्लेख आहे. सुश्रुतसंहितेतील पित्तप्रकृतीचा माणूस चटकन रागावतो आणि चटकन निवळतो. दोन दूरच्या वैद्यक परंपरांनी त्वचा, केस आणि स्वभाव एकाच सूत्रात गुंफले, हे विलक्षण आहे.

१४/
आपल्याकडे हा रंग केवळ वैद्यकापुरता राहिला नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहासाठी टाळावयाच्या कन्यांची यादी आहे. तीत रोगी, फार बडबडी अशा मुलींच्या पंक्तीत ‘कपिला’ कन्याही आहे. टीकाकारांनी तिचा अर्थ तांबूस-पिंगट केसांची असा लावला.

तिचा दोष काय? एवढाच, की ती चारचौघींसारखी नाही. युरोपात ज्या रंगाने गद्दार ठरत होता, त्याच रंगाने इथे वधू नापसंत होत होती.

१५/
आता बाजू उलटू. सोळाव्या-सतराव्या शतकांत पूर्व आशियात युरोपीय व्यापारी पोहोचले, तेव्हा ‘विचित्र’ दिसण्याची पाळी त्यांच्यावर आली. जपानी लोक पोर्तुगीजांना ‘दक्षिणेचे रानटी’ म्हणत; डच आणि इंग्रजांसाठी शब्द होता ‘कोमो’, म्हणजे लाल केसांचे. प्रत्यक्षात किती डचांचे केस लाल होते? बहुतेकांचे नव्हते. पण टोपणनाव मोजणी करून ठेवले जात नाही.

चिनी भाषकांतही हाच शब्द रुळला. तैवानमधील तामसुई येथील किल्ला आजही ‘लाल केसांचा किल्ला’ म्हणून ओळखला जातो. सिंगापूरमध्ये गोऱ्या माणसाला अजूनही ‘आंग मो’ म्हणतात. अर्थ तोच.

१६/
१६४१ पासून डच व्यापाऱ्यांना नागासाकीजवळच्या देजिमा या चिमुकल्या कृत्रिम बेटावर राहावे लागे. ठरावीक काळाने ते एदो येथे शोगुनच्या भेटीस जात. १६९१ आणि १६९२ मध्ये त्यांच्यासोबत एंगेलबर्ट केम्फर हा जर्मन वैद्य होता. शोगुनने या पाहुण्यांना चालून दाखवायला, नाचायला, गायला, दारू प्यायल्याचे सोंग करायला लावले, असे त्याने लिहून ठेवले आहे. पडद्याआड बसून दरबार पाहत होता.

पण पुढे या नावाची कळा बदलली. डचांकडून शिकलेली शल्यविद्या ‘लाल केसांच्या पद्धतीची’ म्हणून जपानात मान मिळवू लागली. १७८७ मध्ये मोरिशिमा चुऱ्यो याने ‘कोमो झात्सुवा’ हे पुस्तक लिहिले. शीर्षकाचा अर्थ, लाल केसवाल्यांविषयीच्या नानाविध गोष्टी. कुचेष्टेचे नाव कुतूहलाचे झाले.

१७/
याच लोकांकडे मराठ्यांनी कसे पाहिले? अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्यांनी फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस यांना एकत्रित शब्द वापरला आहे: ‘टोपीकर’. म्हणजे तेच वलंदेज नागासाकीत केसांवरून ओळखले जात होते आणि कोकण किनाऱ्यावर टोपीवरून.

पाहणाऱ्याची नजर जिथे अडते, तेच नाव पडते. अमात्यांना या लोकांची गंमत वाटत नव्हती. ते साधे सावकार नाहीत, त्यांना राज्याची हाव आहे, हा त्यांचा इशारा होता. नाव बाह्य खुणेवरून पडले तरी विचार त्या खुणेपाशी थांबला नाही.

१८/
सत्ता लाल केसांची झाली तर? इंग्लंडची पहिली एलिझाबेथ (राज्यकाळ १५५८-१६०३) लाल केसांची होती आणि उतारवयात तिने त्याच रंगाचे टोप वापरले. तिच्या चित्रांत तो रंग लपवलेला नाही, उलट मिरवलेला आहे.

तरी तिच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांच्या आत, १७२६ मध्ये, स्विफ्टच्या ‘गलिव्हर’मध्ये याहू नावाच्या मानवसदृश पशूंतील लाल केसांचे प्राणी इतरांहून कामुक आणि खोडकर असल्याचे वाचायला मिळते. सिंहासनाने रंगाला काही काळ संरक्षण दिले, अर्थ बदलला नाही.

१९/
अर्थ बदलण्याचे काम काही अंशी चित्रकारांनी केले. १८५० च्या दशकात लंडनच्या प्री-राफेलाइट चित्रकारांनी लाल केसांच्या स्त्रिया पुन्हा पुन्हा रंगवल्या. एलिझाबेथ सिडल ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. मिलेच्या ‘ऑफेलिया’साठी (१८५१-५२) तीच पाण्यात पडून राहिली होती.

१८७८ मध्ये मेरी एलायझा हाविस या लेखिकेने नोंदवले, की पूर्वी एखादीचे केस लाल आहेत असे म्हणणे म्हणजे समाजात तिचा घात करणे होते. आता त्याच केसांची फॅशन आली आहे. एका पिढीत हे घडले. त्या काळात जनुके तर बदलली नव्हती.

२०/
मोठ्यांच्या दिवाणखान्यात फॅशन बदलली, शाळेच्या वर्गात नाही. फ्रान्समध्ये ज्यूल रनार याने १८९४ मध्ये एका छळल्या जाणाऱ्या मुलाची कथा लिहिली. आईसुद्धा त्याला ‘गाजरकेस्या’ म्हणूनच हाक मारते.

१९०८ मध्ये ल्यूसी मॉड मॉन्टगोमेरीची ‘ॲन’ आली. गिल्बर्ट तिला ‘गाजर’ म्हणतो आणि ती त्याच्या डोक्यात पाटी फोडते. पुढे केस काळे करण्याच्या खटाटोपात ते हिरवे होतात. वाचक हसतो, पण पाटी फुटते तेव्हा तो ॲनच्या बाजूने असतो. रोमच्या प्रेक्षकापासून इथवर झालेला हा मोठा पालट. आता कथा थट्टा होणाऱ्याच्या डोळ्यांनी सांगितली जात होती.

२१/
तरी विनोद जिवंतच राहिला. ब्रिटनमध्ये लाल केसांसाठी ‘जिंजर’ हा शब्द चालतो, शब्दशः आले. २००९ च्या नाताळात टेस्को या दुकानसाखळीला एक शुभेच्छापत्र मागे घ्यावे लागले. सांताक्लॉजला सगळी मुले आवडतात, अगदी लाल केसांचीसुद्धा, अशा आशयाचा त्यावरचा विनोद होता. २०१० मध्ये मजूर पक्षाच्या नेत्या हॅरिएट हार्मन यांनी डॅनी अलेक्झांडर या स्कॉटिश मंत्र्याला भरसभेत ‘लाल केसांचा उंदीर’ म्हटले आणि नंतर माफी मागितली.

ज्यांनी इतर कोणत्याही शारीरिक खुणेवर बोलण्यापूर्वी दहादा विचार केला असता, त्यांनाही इथे विनोद निरुपद्रवी वाटला.

२२/
आता पुन्हा कॅनडाकडे. ‘साउथ पार्क’ या अमेरिकी व्यंगमालिकेचा एक भाग नोव्हेंबर २००५ मध्ये प्रसारित झाला. त्यात कार्टमन हा मुलगा वर्गात सांगतो, की लाल केसांच्या मुलांना आत्माच नसतो. मित्र त्याला धडा शिकवण्यासाठी झोपेत त्याचेच केस लाल करतात. उपहासाचा रोख पूर्वग्रहावर होता, लाल केसांवर नव्हता.

मुलांच्या लक्षात राहिला तो विनोद, रोख गळून पडला. तीन वर्षांनी फेसबुकवर तो ‘दिवस’ उगवला. ज्या गोष्टीची टर उडवायची होती, तीच गोष्ट लाथेच्या रूपाने शाळेच्या अंगणात उतरली.

२३/
तोलही राखायला हवा. लाल केसांची थट्टा आणि वर्णद्वेष यांना एकाच तागडीत टाकता येत नाही. थ्रेसच्या माणसाला गुलाम केले ते युद्धाने आणि व्यापाराने, केसांमुळे नव्हे. ज्यूंचा छळ झाला तो धर्मद्वेषातून; लाल दाढी ही त्यावर चिकटवलेली खूण होती.

पण म्हणूनच हा विषय इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाहण्याजोगा आहे. सुंभ जळतो आणि पीळ राहतो, ते कसे, हे इथे स्वच्छ दिसते. गुलाम बाजार गेला, जुडासची चित्रे संग्रहालयांत गेली. लबाड, दगलबाज, तापट हे शिक्के मात्र मालकाविना फिरत राहिले आणि प्रत्येक पिढीला ते आपल्याच विनोदबुद्धीची निर्मिती वाटले.

२४/
शेवट एका बऱ्या बातमीने. २००५ मध्ये नेदरलँड्समधील एका चित्रकाराने लाल केसांच्या १५ स्त्रिया चित्रांसाठी हव्यात, अशी जाहिरात दिली. आल्या १५०. कोणाला नाही म्हणावे हे त्याला कळेना, म्हणून त्याने मेळावाच भरवला. पुढे ब्रेडा आणि मग टिलबर्ग येथे देशोदेशींचे हजारो लोक त्यासाठी जमू लागले. वर्गात एकटे पडलेल्याला तिथे प्रथमच गर्दीत हरवून जाता येते.

२५/
आपल्या वर्गांतही घाऱ्या, चकण्या, काळ्या, बुटक्या होते आणि आहेत. या नावांचे मूळ कोणत्या जुन्या उतरंडीत आहे, हे हाक मारणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. ते शोधणे हे आपले काम.

तुमच्या भागात शरीराच्या खुणेवरून पडलेली कोणती टोपणनावे चालतात? त्यांच्यामागची गोष्ट ठाऊक असेल तर खाली जरूर लिहा.

#धागा #इतिहास #मराठी